चारुलताचं कॅलेडियम

“पाणीच घालायचं ना? घालीन मी. त्यात काय एवढं?” असं नवनीत बोलून गेला, आणि तिथेच सगळं बिघडलं.

चारुलता दहा दिवसांच्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी नाशिकला निघाली होती. लोणखेड्याच्या घरात मागे राहणार होते दोघे, कॉलेजात हेडक्लार्क असलेला नवनीत आणि त्याची आई नर्मदाबाई. शिवाय ते कॅलेडियम. लालभडक पानं, कडेला हिरवी किनार, अगदी पैठणी नेसल्यासारखं झाड! सुरतेच्या बहिणीकडून चारुलतानं ते एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं. रोज सकाळी ओल्या कापसानं ती एकेक पान पुसायची. (नवनीतचा चष्मा लग्नाच्या बारा वर्षांत तिनं एकदाही पुसला नव्हता. पण ते असो.)

तिसऱ्या दिवशी एक पान कुंडीबाहेर लोंबलं. नवनीतनं तांब्याभर पाणी जास्त घातलं. चौथ्या दिवशी तीन पानं आडवी! मुळात शेतकऱ्याचं पोर असलेल्या नवनीतनं घाबरून काय करावं? चिमूटभर युरिया टाकला. सहाव्या दिवशी सकाळी तो दात घासत ओसरीत आला आणि ब्रश तोंडातच राहिला. कुंडीत एकही पान उभं नव्हतं. सगळी वाळून, गुंडाळून पडलेली.

इतक्यात मोबाईल वाजला. “फोटो पाठवा बरं झाडाचा,” चारुलताचा मेसेज.

नवनीतनं पहिल्या दिवशी काढलेला फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘आज तर फारच टवटवीत!’ सातव्या दिवशी तोच फोटो. आठव्यालाही तोच.

अखेर तो शहाद्याला दोधूच्या खत-बियाण्यांच्या दुकानात गेला. दोधूनं वाळलेलं पान उजेडात धरलं, हुंगलं आणि निकाल दिला. “भाऊ, मूळ सडी गयं व्हई. कुंडी उलटी कर अन् दख.”

नवव्या दिवशी कॉलेजला जाण्याआधी नवनीतनं कुंडी उलटी केली. मूळबीळ काही सडलं नव्हतं. मातीतून बटाट्याएवढा एक गड्डा तेवढा निघाला. ही रोगाची गाठ असणार, संध्याकाळी दोधूला दाखवू, असं ठरवून त्यानं तो धुतला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि निघून गेला.

दुपारी जेवायला आला तर ताटात भाकरी, ठेचा आणि मसाल्याची झणझणीत भाजी.

“खाय ले बेटा, गरम शे,” नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांचा गुरुवार होता, म्हणून सगळी भाजी लाडक्या लेकाच्याच ताटात.

दोन घास त्यानं मिटक्या मारत खाल्ले. तिसरा घास तोंडात असतानाच जिभेत शंभर टाचण्या एकदम टोचल्या. ओठ जड झाले. घशात कोणी खाजकुइली ओतावी तशी आग!

“आई... भाजी कशानी शे?”

“वट्टावर कंद पडेल व्हता ना, तेनीच करी. तू सुरण आणं अन् माले सांगं बी नही!”

नवनीतचे डोळे पांढरे व्हायचे तेवढे राहिले. तो मोरीकडे धावला, गुळण्यांवर गुळण्या केल्या. आई मागून ओरडत होती, “तिखट व्हयनी का रे?”

त्याच वेळी व्हिडिओ कॉल आला. गडबडीत अंगठा नको तिथे पडला आणि पडद्यावर चारुलता उगवली.

“अगंबाई! तोंडाला काय झालं?”

“फ्फाड... फाड...” नवनीतला ‘झाड’ म्हणायचं होतं.

“झाडाचं मला कळलंय. तिन्ही फोटोंत भिंतीवर पाल एकाच जागी होती. तीन दिवस पाल हलत नाही होय? अहो, थंडीत पानं गळतातच त्याची. कंद झोपतो, उन्हाळ्यात पुन्हा फुटतो. कंद असला की झालं. कुंडीतच आहे ना?”

नवनीतनं बोटानं स्वतःच्या पोटाकडे खूण केली.

चारुलता किंचाळली, “डॉक्टरांकडे जा आधी! आत्ताच्या आत्ता!”

डॉक्टर अझरुद्दीन यांनी घसा तपासला, इंजेक्शन दिलं, गार दूध प्यायला सांगितलं. “जीवाले धोका नही, भाऊ. पण चार दिवस एक शब्द बोलू नका. पंचवीस वर्षांत लोकांनी काय काय खाल्लेलं पाहिलं, पण शोभेचं झाड फोडणी देऊन खाणारा पहिलाच पेशंट.”

शनिवारी चारुलता परतली. ती रागावेल म्हणून नवनीत कोपऱ्यात उशी धरून बसला होता. पण तिनं त्याचा सुजलेला चेहरा पाहिला, कपाळाला हात लावला, चहा केला आणि समोर बसून प्रशिक्षणाची सगळी हकिकत सांगितली. तब्बल दीड तास. नवनीतनं मध्ये एकदाही ‘माझंही असंच झालं होतं’ म्हटलं नाही, बातम्या लावल्या नाहीत. नुसती मान हलवली. रविवारी तिनं बहिणीबद्दल, शाळेबद्दल, बारा वर्षांत सांगायच्या राहून गेलेल्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. ती इतकी खुश नवनीतनं कधी पाहिली नव्हती.

सोमवारी सकाळी त्याचा घसा मोकळा झाला. तो गहिवरून म्हणाला, “चारू, मला माफ कर गं!”

चारुलतानं लगेच फोन उचलला.

“डॉक्टर, यांचा आवाज परत आलाय हो. अजून चार दिवसांची विश्रांती लिहून देता येईल का?”