मारोतरावांनी धरलेलं ध्रुपद

रिठदच्या नीलिमाची फ्रेंचची तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर होती आणि विशेषणांनी तिला घाम फोडला होता. बहुतेक विशेषणं बाई-बुवा, एक-अनेक पाहून रूप बदलतात; मोजकी, जसे काही रंग, मात्र कोणापुढेही तशीच राहतात. नेमकी तीच ती विसरायची. "आता नापास झाली तं क्लास बंद," असं तिच्या बाबांनी, इंद्रभाननं, बजावलं होतं.

शेवटी तिनं ते रंगांचे शब्द भजनाच्या चालीवर स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केले: 'ओरांज, मारों, क्रेम, वेर, बदलत नाही, बदलत नाही.' ऐकायला लावलं तर आवाजच नाही. तिनं आवाज पूर्ण वाढवला. तरी नाही.

घराला लागून मंदिर. सप्ताहात रोज हरिपाठ लावायला हाच मोबाइल मंदिराच्या स्पीकरला ब्लूटूथनं जोडायचे, आणि इंद्रभाननं तो स्पीकर नुकताच सुरू केला होता; मोबाइल आपोआप त्याला जोडला गेला होता.

मंडपात टाळकरी ताटकळत उभे होते; कीर्तनकार महाराजांची एसटी मेडशीला बंद पडलेली. स्पीकरमधून चाल आली आणि मारोतरावांचा हात मृदंगावर आपोआप पडला. पुढून येईल ते मागून उचलायचं, ही टाळकऱ्याची जन्माची सवय.

"कोनता अभंग व्हय हा?" एकानं विचारलं.

"तू गाय नं आधी. अर्थ महाराज सांगतीन," मारोतराव म्हणाले.

नीलिमा धावत पोचली तेव्हा महाराजही येऊन उभे राहिले होते. मंडप असा रंगलेला की भजन तोडायचं कोणाच्या जिवावर येणार? महाराजांनी नीलिमाकडून शब्दांची हकिकत हळूच विचारून घेतली आणि तेच ध्रुपद उचललं.

"बाईपुढे बदलत नाही, बुवापुढे बदलत नाही. एकट्यात तोच, गर्दीत तोच. असा कोण, सांगा बरं?"

"विठ्ठल!" अख्खा मंडप म्हणाला. नीलिमाच्या आईनं, भागिरथाबाईनं, डोळ्यांना पदर लावला. इंद्रभान तर डोलतच होता.

सकाळी मोबाइलवर पुण्याच्या मॅडमनी विचारलं, "'वेर', म्हणजे हिरवा. हा बदलतो का?"

खिडकीतून मंडपाचं भजन येत होतं: 'वेर, बदलत नाही, बदलत नाही.' नीलिमाच्याही जिभेवर तेच आलं. तेवढ्यात तिला क्लासात दाखवलेला हिरवा झगा आठवला. फ्रेंचमध्ये झगा बाई, म्हणून त्याच्यापुढे 'वेर्त' होतं. म्हणजे रेकॉर्डिंगच चुकलं होतं. तिनं एकदा खिडकीकडे पाहिलं आणि सगळ्या गावाविरुद्ध बोलली, "बदलतो, मॅडम."

"बरोबर. पण मागून चुकीचं उत्तर कोण सांगतंय?"

"सांगून नाही राह्यले, मॅडम. भजन करून राह्यले."

मॅडम हसल्या. नीलिमा पास झाली आणि तशीच मंडपात गेली.

"मारोतकाका, तो 'वेर' काढा. माही चूक झाली. तो बदलते."

मारोतराव मृदंगाला कणीक लावत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"कालपर्यंत बदलत असन, पोरी. आता महाराजाच्या तोंडून निंगाला. आता नाही बदलत."

आणि त्यांनी बाजूचे टाळ तिच्याकडे सरकवले.