कच्चं रजिस्टर क्रमांक दोन

"स्वतःबद्दल थोडक्यात सांगा," हेडक्लार्क म्हणाले.

"मी..."

"नापास!"

"अहो, अजून तोंड उघडलं नाही मी!"

"तेच तर. इतका वेळ लावायचा नसतो."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाललेली ही सातवी सराव-मुलाखत. सातही वेळा वहिनींना त्यांच्याच नवऱ्याने नापास केलं होतं, आणि तेही त्यांनीच करून दिलेला चहा भुरकत. हेडक्लार्क सतरा वर्षं ऑफिसच्या निवड समितीवर होते. निवृत्त होऊन वर्ष उलटलं, पण समिती काही अंगातून उतरली नव्हती. समोर माणूस दिसला की नापास करायला त्यांचे हात शिवशिवत, आणि आता घरात समोर दिसणारं माणूस एकच होतं.

वहिनींना अख्खी इमारत वहिनीच म्हणायची. शहरातल्या मोठ्या इस्पितळाला तक्रारखिडकीवर बसायला कुणीतरी हवं होतं. वयाची अट पन्नास, आणि वहिनींना पन्नास पूर्ण व्हायला उरले होते एकोणीस दिवस. ही गाडी चुकली की पुढची नाही. पगाराचं काय ते नंतर बघता आलं असतं, खरी गोम वेगळीच होती. निवृत्तीपासून हेडक्लार्क दिवसभर घरात असत, आणि भाजी कशी चिरावी इथपासून दार कसं लोटावं इथपर्यंत शेरे मारत. वहिनींना रोज आठ तास अशी एक खुर्ची हवी होती, जिच्या मागे हे गृहस्थ उभे नसतील.

मुलाखत दोन टप्प्यांत होती. आधी लॅपटॉपवर, मग प्रत्यक्ष. लेकीने आपला लॅपटॉप आणून दिला आणि जाताना बजावलं, "आई, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत ठेव. आणि बाबांना बाहेर फिरायला पाठव."

पहिली सूचना हेडक्लार्कनी स्वतः अमलात आणली. गेले पंधरा दिवस खपून त्यांनी संभाव्य प्रश्नांची उत्तरं लिहिली होती. दोन कच्ची रजिस्टरं आणि त्यांवरून उतरवलेलं एक पक्कं. दोन्ही कच्ची एकावर एक रचून त्यांनी वर लॅपटॉप ठेवला. उंची अगदी बरोबर आली.

"आणि फिरायला?" वहिनींनी विचारलं.

"मी कुठे कॅमेऱ्यात येणार आहे?" असं म्हणत हेडक्लार्क पक्कं रजिस्टर घेऊन टेबलाच्या पलीकडे, लॅपटॉपच्या पाठीमागे जाऊन बसले. कॅमेऱ्यात यायचंच नाही म्हटल्यावर बनियनवरच.

बरोबर अकरा वाजता पडद्यावर दोघं उमटली. एक प्रशासन अधिकारी आणि एक मेट्रनबाई. पहिले दोन प्रश्न वहिनींनी छान निभावले, म्हणजे हेडक्लार्कनी उत्तर उघडून दाखवायच्या आतच देऊन टाकले. हेडक्लार्कना ते झोंबलं.

मग मेट्रनबाईंनी विचारलं, "समजा, एखादा माणूस भांडायच्या तयारीनेच आला. काय कराल?"

वहिनी बोलणार, तेवढ्यात पलीकडून हात वर झाला. थांब! हेडक्लार्क भराभर पानं उलटू लागले. एकविसावा, बाविसावा, तेविसावा... सापडला. तिथे त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तरासाठी पाहा : कच्चं रजिस्टर क्रमांक दोन, पान चौदा.'

कच्चं रजिस्टर क्रमांक दोन सगळ्यात खाली होतं.

आता कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण ढिगाऱ्याखालची फाइल वरच्या फायलींना धक्का न लावता ओढणं ही हेडक्लार्कांची जन्मभराची ख्याती. त्यांनी दोन बोटांनी रजिस्टराची कड धरली आणि झटक्यात ओढली. फायलींच्या ढिगाऱ्यावर लॅपटॉप कधी नसतो, एवढं मात्र ते विसरले. लॅपटॉप घसरला, गर्रकन फिरला, आणि वहिनींनी तो टेबलाच्या काठावर कसाबसा धरला तेव्हा त्याचं तोंड थेट हेडक्लार्कांकडे होतं.

पडद्यावरच्या अधिकाऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"सर... तुम्ही?"

हेडक्लार्कनी चष्मा वर सरकवला आणि सवयीने विचारलं, "पूर्ण नाव?"

आणि काय सांगावं! अधिकारी खुर्चीतून अर्धवट उठले आणि त्यांनी पूर्ण नाव सांगितलं.

"अर्ज क्रमांक?"

इथे अधिकारी भानावर आले. कान लाल झाले. "तीन वेळा! तीन वेळा नापास केलंत मला. का, तर म्हणे उमेदवाराला बोलता येत नाही. अहो, बोलू दिलंत कधी?"

वहिनींनी मनाशी म्हटलं, गेली नोकरी. एकोणीस दिवस, आठ तास, खुर्ची, सगळं गेलं. डोळे भरून आले. पण ते शेवटचं वाक्य कानात घुमत राहिलं. हे वाक्य जगात आणखी कुणाला तरी म्हणावंसं वाटतं! त्यांनी डोळे पुसले आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

"सर, बसा. काय झालं ते पहिल्यापासून सांगा. मध्ये कुणी बोलणार नाही."

"अगं, पण त्या वेळचं रेकॉर्ड..."

"तुम्ही गप्प बसा!"

लग्नाच्या सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे हेडक्लार्क खरोखरच गप्प बसले.

अधिकारी अकरा मिनिटं बोलले. वहिनी फक्त मान हलवत होत्या आणि मधूनच "मग?" म्हणत होत्या. बोलणं संपल्यावर त्यांनी लॅपटॉप पुन्हा पलीकडे फिरवला.

"आता तुम्ही सरांना काय म्हणणार?"

हेडक्लार्कनी रजिस्टरांकडे पाहिलं. तिन्हींत याचं उत्तर नव्हतं.

"चुकलं असेल."

"असेल?"

"चुकलं," ते पुटपुटले.

अधिकाऱ्यांनी लांब श्वास सोडला, पाठीवरचं ओझं उतरवल्यासारखा. मेट्रनबाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. "भांडायला आलेल्याचं काय करता ते कळलं," त्या म्हणाल्या. "मंगळवारी प्रत्यक्ष या. पण एकट्याच या हं!"

मंगळवारी हेडक्लार्क जिन्यापर्यंत सूचना देत आले. वहिनी एकट्या गेल्या आणि पाच मिनिटांत नोकरी घेऊन आल्या. अर्जात अनुभवाचा रकाना रिकामा होता. मेट्रनबाईंनी लग्नाला किती वर्षं झाली ते विचारलं आणि तिथे स्वतःच्या हाताने लिहिलं, 'सत्तावीस वर्षं'.

खिडकीवरच्या तिसऱ्या दिवशी वहिनींनी मान वर केली, तर समोर हेडक्लार्क. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला.

"अहो, तुम्ही इथे?"

"रांगेतून आलोय," ते म्हणाले. "तक्रार आहे. सकाळपासून कुणाशी एक शब्द बोललो नाही. घर खायला उठतं गं."

वहिनींच्या जिभेवर सणसणीत उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"ओ काका, आवरा की! आम्हालाही कामं आहेत," मागून कुणीतरी ओरडलं.

"थांबा हो, त्यांना बोलू द्या," वहिनी म्हणाल्या आणि हातातलं पेन खाली ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. "हं, सांगा. मी ऐकतेय."

हेडक्लार्कनी घसा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सतरा वर्षं लोकांना बोलता येत नाही म्हणून नापास करणाऱ्या त्या माणसाला एक शब्द सुचेना.

"चार वाजता माझी चहाची सुट्टी असते," वहिनी हळूच म्हणाल्या. "तोवर त्या बाकावर बसा." आणि मग मोठ्याने, "हं, पुढचे कोण?"