चिंचेनं घासलेली वजनं

सोमवारी सकाळी दहा वाजता धारहून पत्र आलं. सुमंगलाबाई रिसबुडांनी ते दारात उभ्याउभ्याच दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचायला त्या खुर्चीवर बसल्या. धारच्या एका महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक मानाजीराव फणसे यांचं ते पत्र होतं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी नव्या स्पेक्ट्रोफोटोमीटरची मागणी केली आहे, तेव्हा जुना एखाद्या हौशी पण जबाबदार संस्थेला द्यावा असा विचार आहे. इंदूरच्या एका संस्थेनं अर्ज केला आहे. तुमच्या देवासच्या प्रयोगघराचंही नाव कानावर आलं आहे. येत्या शनिवारी येऊन तुमच्याकडची उपकरणं, विशेषतः रासायनिक तराजू, तुम्ही कशी ठेवता ते पाहीन आणि मगच ठरवीन, असा मजकूर होता.

पाण्यातून प्रकाश सोडून त्या पाण्यात काय किती मिसळलंय ते सांगणारं हे यंत्र. सुमंगलाबाईंना ते हवं होतं, आणि हौस म्हणून नव्हे. टोंकखुर्दच्या बाजूच्या आठ गावांमधल्या बोअरचं पाणी त्यांनी बाटल्यांत भरून, चिठ्ठ्या लावून घरी ठेवलं होतं. तिथल्या पोरांच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहून त्यांना पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचा संशय होता. पण मोजायला यंत्र नव्हतं. तिथल्या बाया भेटल्या की विचारायच्या, “बाईजी, पानी में कांई निकल्यो?” आणि सुमंगलाबाई सांगायच्या, बघते. तीन वर्षं त्या बघत होत्या.

प्रयोगघर म्हणजे मराठी मंडळाच्या सभागृहामागची एक मोठी खोली; सुमंगलाबाई ती सांभाळायच्या. बंद पडलेल्या कारखान्यांतून आणि कॉलेजांच्या अडगळीतून आलेली उपकरणं तिथे होती. एक ऑसिलोस्कोप, दोन सूक्ष्मदर्शक, एक छोटा लेथ आणि तो तराजू. सभासद कोणीही व्हावं, वहीत नाव लिहावं, उपकरण वापरावं, पुसून जागेवर ठेवावं, असा सरळ नियम होता. अडचण एवढीच होती की बावीस सभासदांपैकी एकोणीस जण देवासच्या निरनिराळ्या कारखान्यांच्या मेंटेनन्स खात्यातले होते. त्यांना उपकरण वापरण्यात रस नव्हता, दुरुस्त करण्यात होता. उपकरण नीट चालत असलं की त्यांची गैरसोय व्हायची.

तराजू नीट चालत होता. काचेच्या पेटीत अकीक दगडाच्या धारेवर तोललेली दांडी, दोन पारडी आणि मधोमध काटा. कोरा कागद तोलावा, त्यावर पेन्सिलीनं सही करावी आणि पुन्हा तोलावा, म्हणजे सहीचं वजन निघायचं, इतका तो नाजूक. त्याच्या पितळी वजनांची वेगळी पेटी होती. वजनं चिमट्यानंच उचलायची, बोट लावायचं नाही. सुमंगलाबाईंनी मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत पाटी लिहून टांगली, की शनिवारपर्यंत तराजूला कोणीही हात लावू नये. मंगळवारी कोणी लावला नाही, कारण मंगळवारी प्रयोगघर बंद असायचं.

बुधवारी अकरा वाजता त्या आल्या तेव्हा पेटीचं दार उघडं होतं आणि बळवंतराव खासगीवाले तेलाच्या छोट्या कुपीला बूच लावत होते. बळवंतराव गिअरच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत.

“भाऊसाहेब, हे काय केलंत?”

“काही नाही बाई. जरा सर्व्हिसिंग. पाहुणे यायचेत ना.”

“तराजू चालू होता.”

“चालू होता म्हणूनच. बंद पडल्यावर करतात त्याला दुरुस्ती म्हणतात.”

“आणि पाटी?”

“वाचली की. म्हणून तर हातमोजे घातले.”

भाऊसाहेबांनी शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब नेमका अकिकाच्या धारेवर सोडला होता. कोणी नुसतं शेजारून गेलं तरी हलणारा काटा आता जेवणानंतरच्या जावयासारखा एका अंगाला कलून पडला होता. थेंबभरच तर टाकलं, असं भाऊसाहेब म्हणाले. सुमंगलाबाईंनी त्यांना सांगितलं की त्या थेंबाचं वजन कालपर्यंत हा तराजू सांगू शकला असता, आता तो काहीच सांगणार नाही. भाऊसाहेबांना ही तराजूची स्तुती वाटली. ते म्हणाले, जुना माल तो जुना माल.

गुरुवारी शंतनू तारे आला. त्याचं स्टेशन रोडला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मराठी त्याला बोलता यायचं, वाचताना मात्र तो पुस्तक डोळ्यांपासून लांब धरायचा. “काकू, टेन्शन नका घेऊ,” तो म्हणाला, “व्हीसीआरचं हेड साफ करायचं लिक्विड आहे ना माझ्याकडे. तेल की ऐसी तैसी.”

लिक्विड चांगलं होतं. पण धार पुसायची तर दांडी काढायला हवी, दांडी काढायची तर खांब सोडवायला हवा, आणि खांब सोडवलाच आहे तर खालचेही स्क्रू पाहून घ्यावेत, असं भाऊसाहेबांचं म्हणणं पडलं. दुपारी एक वाजता तराजू वर्तमानपत्रावर मांडलेला होता. एकेचाळीस भाग झाले. सुमंगलाबाईंनी ते मोजले, कारण कोणीतरी मोजायला हवे होते. त्या न जेवता तिथेच बसून राहिल्या. दोघांचं मात्र छान चाललं होतं. “भाऊसाहेब, ये किधर का है?” “असेल कुठलातरी. लावून बघ, बसला तर त्याचाच.”

साडेपाचला शेवटचा भाग बसला. काटा हलला, मधोमध आला आणि स्थिरावला. सुमंगलाबाईंनी कागद तोलला, शंतनूला सही करायला लावली आणि पुन्हा तोलला. सहीचं वजन निघालं. त्यांना रागवायचं होतं, पण रागवायला कारण उरलं नव्हतं, आणि हे त्यांना जास्तच झोंबलं. त्या चहा प्यायला समोर गेल्या. वजनांची पेटी टेबलावरच राहिली.

तेवढ्यात अक्का आल्या. अक्का म्हणजे भाऊसाहेबांची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर. शनिवारी खंडेनवमी होती आणि प्रयोगघरातल्या हत्यारांची पूजा दरवर्षी अक्कांच्या हातची असायची. त्यासाठी मंडळाची समई, ताम्हन, घंटा असं सगळं पितळ त्या दोन दिवस आधी घरी नेऊन घासून आणत. टेबलावर पितळ दिसलं, ते काळवंडलेलं होतं, म्हणून अक्कांनी तेही पिशवीत घातलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी स्टीलच्या डब्यातून वजनं परत आणली. डब्याचं झाकण उघडलं तेव्हा खिडकीतल्या उन्हानं छतावर कवडसे पडले.

“बघ गं सुमंगले, ओळखतेस का?”

सुमंगलाबाईंनी ओळखलं आणि त्या स्टुलावर बसल्या. “अक्का, कशानं घासलीत ही?”

“चिंच, मीठ, वरून थोडी राख. त्या शंभराच्या वजनावर एक डाग होता मेला. जाता जाईना. शेवटी नारळाच्या शेंडीनं काढला.”

“डागाबरोबर पितळही गेलं असेल हो.”

“पितळ कसं जाईल? पन्नास वर्षं आमचा तांब्या घासतेय. आहे तेवढाच आहे.”

अक्कांचा तांब्या आजवर कोणी तोलला नव्हता, हे सुमंगलाबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण चिंचेनं पिवळी पडलेली अक्कांची नखं दिसली आणि ते तिथेच राहिलं. शंभर ग्रॅमचं वजन आता शंभर ग्रॅमचं नव्हतं. किती कमी झालं होतं हे कळायला खरी वजनं लागणार, आणि तशी वजनं देवासात होती ती हीच.

भाऊसाहेब म्हणाले, तळाला जरा झाळून देतो, कथलाचा ठिपका टाकला की भरपाई होईल. शंतनूचा उपाय बिनखर्चाचा होता. उद्या पूजेत हळद-कुंकू थोडं जास्त लावू, बराबर होऊन जाईल. सुमंगलाबाईंनी दोघांना बाहेर काढलं, खोलीला कुलूप लावलं आणि भेट पुढं ढकलावी म्हणून धारला फोन केला. मानाजीराव इंदूरला गेले होते, ती दुसरी संस्था पाहायला. तिथूनच थेट देवासला येतील, असं घरच्यांनी सांगितलं.

शनिवारी सातला अक्का झेंडूची टोपली घेऊन दारात उभ्या होत्या. यंदा तराजू पूजेत नको, असं सुमंगलाबाईंनी त्यांना परोपरीनं सांगून पाहिलं. अक्कांनी शांतपणे विचारलं, “आणि तो रुसला तर?” चार दिवसांत तराजूचं जे झालं होतं ते पाहता तो रुसण्याची शक्यता खरंच होती. सुमंगलाबाई बाजूला झाल्या.

मानाजीराव अकरा वाजून वीस मिनिटांनी आले तेव्हा तराजू पाटावर होता, त्याच्या काचपेटीला झेंडूची माळ होती, आणि समोर वजनं उतरत्या क्रमानं मांडलेली होती. प्रत्येकावर हळद-कुंकवाचं बोट होतं. एक ग्रॅमचं वजन कुंकवाखाली दिसेनासं झालं होतं.

उंच, सडसडीत, सत्तरीतले मानाजीराव. त्यांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि तराजू पाहू का, असं विचारलं. अक्का म्हणाल्या, उद्या उत्तरपूजा झाल्यावर. मानाजीरावांनी मान डोलावली. आमच्याकडेही पूजेतल्या तलवारीला दसऱ्यापर्यंत कोणी शिवत नाही, असं ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. उद्यापर्यंत बसायची त्यांची तयारी दिसत होती. मग अक्कांनी कोणत्या फणशांपैकी, अशी चौकशी सुरू केली. दहा मिनिटांत मानाजीरावांची आत्या अक्कांच्या सासूच्या माहेरी दिलेली निघाली. आपला माणूस धारहून आलाय म्हटल्यावर अक्कांनी अक्षता टाकून, पाट जरा हलवून उत्तरपूजा तिथल्या तिथे उरकली.

मानाजीरावांनी पिशवीतून मखमलीचं अस्तर असलेली लाकडी पेटी काढली. त्यांची स्वतःची, प्रमाणपत्र असलेली वजनं. सुमंगलाबाईंनी ठरवून टाकलं.

“सर, आधी सांगते. आमची वजनं खोटी आहेत. काल चिंचेनं घासली गेली. किती खोटी आहेत ते तुमच्या वजनांशी ताडून बघितल्यावर कळेल.”

सुमंगलाबाईंनी मऊ ब्रशनं कुंकू झाडलं आणि एकेक वजन ताडून पाहिलं. शंभराचं तेवीस मिलिग्रॅमनं कमी भरलं, पन्नासाचं नऊनं. प्रत्येक आकडा त्यांनी कागदावर लिहिला आणि खाली सही केली. अक्का तो कागद लांबून बघत होत्या. तेवीस काय ते त्यांना कळलं नाही, पण मामला डागाचा आहे एवढं कळलं.

मानाजीरावांनी वजनांबद्दल एक शब्द काढला नाही. ते पेटीत वाकून पाहत होते. “तराजू नुकताच उघडलेला दिसतो.”

“हो. गुरुवारी.”

“पूर्ण?”

“एकेचाळीस भाग.”

“कोणाला विचारून?”

भाऊसाहेब म्हणाले, “विचारायचं काय त्यात?”

मानाजीरावांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. “आणि परत जोडला. पुस्तकात बघून?”

“पुस्तक कुठंय सर,” शंतनू म्हणाला. “असाच, अंदाज से.”

सुमंगलाबाईंनी डोळे मिटून घेतले. मानाजीरावांनी कागद तोलला, सही केली, पुन्हा तोलला आणि हूं म्हणाले. चहा घेताना त्यांनी इंदूरच्या संस्थेचं वर्णन केलं. तिथं प्रत्येक उपकरणावर खोळ आहे, खोळीवर शिक्का आहे आणि खोळ काढायची तर तिघांच्या सह्या लागतात. कळवतो, असं सांगून ते दोनच्या बसनं गेले.

त्या दिवशी सुमंगलाबाई कोणालाही रागवल्या नाहीत, आणि त्याचाच सगळ्यांनी धसका घेतला. भाऊसाहेब प्रयोगघरात येत, पण हात मागे बांधून बसत. शंतनू स्टूल ओढायचं तरी विचारून ओढायचा. लेथ कुरकुरायला लागला तेव्हा भाऊसाहेब उठून बाहेर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच प्रयोगघरातलं प्रत्येक उपकरण जसंच्या तसं जागेवर होतं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात धारहून एक जीप आली. तिच्यात भलंमोठं खोकं होतं आणि खोक्यावर चिकटवलेलं पाकीट. ‘यंत्र आपल्या संस्थेस देण्याचे ठरविले आहे,’ एवढी पहिली ओळ सुमंगलाबाईंनी मोठ्यानं वाचली आणि पुढची त्यांना वाचवेना. आपण लिहिलेला तो तेवीस मिलिग्रॅमचा कागद त्यांना आठवला. खरं बोललेलं वाया जात नाही, असं त्या अक्कांना म्हणाल्यासुद्धा.

खोकं उघडलं. राखाडी रंगाचा देखणा स्पेक्ट्रोफोटोमीटर टेबलावर ठेवला. सुमंगलाबाईंनी स्विच दाबला. काही झालं नाही. शंतनूनं विचारून प्लग तपासला. प्लगमध्ये वीज होती. सुमंगलाबाईंनी पत्र पुन्हा हातात घेतलं आणि पान उलटलं.

‘यंत्र सन ९८ पासून बंद आहे,’ मानाजीरावांनी मागच्या बाजूला लिहिलं होतं. ‘कंपनीचा माणूस पाच वर्षांत आला नाही. आमच्याकडे झाकण काढण्यास कोणी धजावत नाही आणि इंदूरला तर खोळ काढण्यासही धजावणार नाहीत. आपल्याकडील त्या दोन गृहस्थांस मात्र विचारण्याची सवय नाही, हे पाहून समाधान वाटले. नवीन यंत्राची मागणी अद्याप मंजूर झालेली नाही, तरी हे सुरू झाल्यास कृपया कळवावे.’

सुमंगलाबाईंनी पत्राची घडी घातली. मग त्यांनी कपाटातून पेचकस काढला आणि भाऊसाहेबांपुढे धरला.

“भाऊसाहेब, उघडा.”

भाऊसाहेबांनी मागे बांधलेले हात सोडले नाहीत. “नको बाई. कंपनीचा माणूस बोलवा. उगाच आपल्या हातून काहीतरी व्हायचं.”

सुमंगलाबाईंनी शंतनूकडे पाहिलं. शंतनू छताकडे पाहू लागला. “मॅन्युअल मागवून घ्या ना काकू,” तो म्हणाला. “बिना मॅन्युअल के रिस्क आहे.”

सुमंगलाबाईंनी पदर खोचला. झाकणाच्या पहिल्या स्क्रूवर त्यांनी पेचकस टेकवला आणि अठरा वर्षं शाळेत मुलींना प्रयोग शिकवलेल्या त्या बाईंनी तो स्क्रू मुद्दाम, जोर लावून, उलट्या बाजूला पिळायला सुरुवात केली. धातू करकरला. भाऊसाहेबांचे खांदे आखडले. दुसऱ्यांदा करकरला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

तिसऱ्यांदा करकरायच्या आत ते टेबलाशी आले होते.

“सरका,” ते म्हणाले. “जागा द्या जरा.”