पांढरेशुभ्र प्लग

गावाला जाताना सासऱ्यांनी आपली जुनी मोटार जावयाच्या स्वाधीन केली, तेव्हा दंतवैद्याला आभाळ ठेंगणं झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सासरे दात दाखवायला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडेच जात, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. आज गाडी दिली, उद्या दाढही देतील, असं त्याने मनात धरलं.

गाडी लखलखीत करून परत द्यायची म्हणून त्याने स्पार्क प्लगसुद्धा काढून पाहिले. चारही तपकिरी!

“शी! हे कधी कुणी घासलेत की नाही?”

“प्लग आहेत ते, पेशंट नाहीत,” बायको म्हणाली. “बाबा येईपर्यंत हात लावू नकोस.”

पण ऐकेल तो दंतवैद्य कसला! त्याने दवाखान्यातल्या ब्रशने प्लग घासले. थोडी गाडी फिरवली, तर पुन्हा तपकिरी. म्हणजे दुखणं मुळाशीच होतं. मग त्याने कार्बुरेटरचा स्क्रू पिळून पेट्रोल कमी केलं आणि हवा वाढवली. प्लग मोत्यासारखे पांढरे झाले! इंजिन जरा तापू लागलं, मधूनच शिंकू लागलं. त्याने स्क्रू आणखी थोडा पिळला.

सासऱ्यांना स्टेशनवरून आणताना चढावर गाडीने मान टाकली. सासऱ्यांनी खाली उतरून एक प्लग काढला.

“हा इतका पांढरा कशाने झाला?”

“मी केला!” जावई अभिमानाने म्हणाला.

सासऱ्यांनी प्लग त्याच्या डोळ्यांसमोर धरला. “जावईबापू, या इंजिनाचा प्लग तपकिरी असला की तब्येत ठणठणीत. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आत नुसती भट्टी पेटलीय. व्हॉल्व्ह जाळलात तुम्ही.”

गाडी गॅरेजमध्ये गेली. जावयाला तोंड दाखवायची चोरी झाली. आता दाढ कसली, सासरे साधं बोलायचेसुद्धा नाहीत, असं धरून तो हिरमुसून बसला.

आणि एका सकाळी सुजलेला गाल धरून सासरे चालत त्याच्या दवाखान्यात आले.

“बाबा, तुम्ही? माझ्याकडे?” त्याला भरून आलं.

“गाडी असती तर तिकडेच गेलो असतो,” सासरे खुर्चीत बसत म्हणाले. त्याने घाईघाईने हातमोजे चढवले. तोंड उघडण्याआधी सासऱ्यांनी त्याचा हात घट्ट धरला.

“दुखते तेवढीच दाढ बघा. बाकीचे मळलेलेच राहू देत. चालतायत.”