नववी पास देविदासभाऊ

देविदासभाऊ पन्नाशीला आले तरी नववी पासच आहेत, आणि ही पदवी त्यांनी जिवापाड जपली आहे. बुऱ्हाणपूरच्या लालबागेत राहणारा हा पॉवरलूमवरचा कारागीर पेपरातला अग्रलेख वाचून माझ्याशी वाद घालतो आणि बहुतेक वेळा जिंकतो. मी शिक्षक, म्हणून मी विषय बदलतो.

"भाऊ, दहावीचा फॉर्म भरा की!"

"नको सर. पास झालो तं मंग कोनाच्या कामाचा राहीन?"

भानगड अशी, की अंध मुलांना बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळतो. पण तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा. नववी पास, मोत्यासारखं अक्षर, शिवाय कामावर खाडे करून येणारा असा माणूस आख्ख्या बुऱ्हाणपुरात आम्हाला एकच सापडला.

अंध मुलांना साध्या शाळेतच शिकवायचं, असा हुकूम निघाला आणि बहादरपूरची रेखा आमच्याकडे आली. तिच्या वडिलांनी बजावलं होतं, "दहावीले एकच डाव बसवतो. नापास झाली तं शाळा बंद."

सामाजिक विज्ञानाच्या पेपराला तिच्या खोलीत पर्यवेक्षक मी. रेखा सांगत होती, भाऊ लिहीत होते.

"तापी नदी बंगालच्या उपसागराला मिळते."

भाऊंचं पेन थबकलं. सगळा जन्म तापीकाठी गेलेला माणूस! त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि शब्दन् शब्द तसाच लिहिला.

मी खोकलो. रेखा थांबली. मग मी जरा अर्थपूर्ण खोकलो.

"सर," भाऊ म्हणाले, "पेपर तिचा आहे. खोकला बाहेर ठेवून या."

दाराबाहेर उभं राहिल्यावर माझी ट्यूब पेटली. भूगोल तिला मीच शिकवला होता. भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवत, "ही नदी अशी इकडून निघते आणि अशी इकडे जाते." रेखा पहिल्या बाकावर मन लावून ऐकायची. इकडे म्हणजे कुठे, हे सांगायचं मला वर्षभर सुचलं नव्हतं.

घंटा झाली. पोटात कावळे ओरडत होते. मी आत येऊन उत्तरपत्रिका उचलली, तर दुसरं टोक भाऊंच्या हातात.

"सोडा, भाऊ."

"दोन प्रश्न बाकी आहेत तिचे. तिले जादा वेळ आहे."

"नियम मला माहीत आहेत!"

"मंग वाचून दाखवा." त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं परिपत्रक काढलं.

मी मोठ्याने वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"सर, छान वाचता तुम्ही," रेखा म्हणाली. मी खुर्चीत बसलो. तिने शेवटचे दोन्ही प्रश्न सोडवले.

रेखा पास झाली. अकरावीचा फॉर्म न्यायला वडील स्वतः आले, आणि पेढे वाटून बापलेक घरी गेले. भाऊ मात्र माझ्या टेबलाशी घुटमळत राहिले. मग शर्टाच्या आतून त्यांनी वह्यांची चळत काढली. वरच्या वहीत तोच पेपर. घरी बसून, एकही प्रश्न न सोडता लिहिलेला. खाली आधीच्या वर्षांच्या पेपरांच्याही वह्या होत्या.

"तपासता का, सर?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "पन मार्क नका देऊ. किती पडले असते, ते मले समजायले नको."

मी लाल पेन उघडलं. भाऊ हात मागे बांधून उभे राहिले. बसा, बसा म्हटलं, तरी बसेनात.