भागूबाईंच्या करवंट्या

बाळांनो, मांडी घालून बसा, आणि शेजारच्याला चिमटे काढू नका. एका जंगलात, जिथे वाघसुद्धा मुलाच्या प्रवेशासाठी रांगेत उभा राहायचा, भागूबाई हत्तीण बालवाडी चालवायच्या.

तिथे खेळणी म्हणावं असं काही नव्हतंच. नारळाच्या करवंट्या, काठ्या, जुनी लुगडी आणि एक लांबलचक दोर. पिल्लं त्यातून रोज नवं काहीतरी काढायची. सोमवारी लग्न, मंगळवारी आगबोट. बुधवारी लग्न आगबोटीतच लागलं, नवरदेव बुडाला, आणि वऱ्हाड पोट धरधरून हसलं.

हे पालकांच्या कानावर गेलं. ते तणतणत बालवाडीत आले.

"बाई, करवंटीनं बुद्धी कशी वाढणार?" शेवंताबाई साळूनं विचारलं. "पलीकडच्या जंगलात बटण दाबलं की एबीसीडी म्हणणारं खेळण्यातलं माकड आहे!"

"आणि तिथलं खरं माकड काय करतं?" भागूबाईंनी विचारलं.

"ते बटण दाबतं."

धोंडेराव वाघ पुढे झाला. "हे किती निरुपयोगी आहे, मीच दाखवतो," म्हणत त्यानं करवंटी डोक्यावर ठेवली. "सांगा, काय आहे हे?"

"मुकुट," अस्वल म्हणालं.

"छे! ड्रायव्हरची टोपी!" शेवंताबाई ओरडली, आणि तिनं सगळ्यांभोवती दोराचा वेढा टाकला. "चला, पुढे सरका! आत जागा आहे!"

बस सुटली. काठीचा गिअर पडला. अस्वल करवंट्या वाजवत तिकिटं फाडू लागलं. लुगड्याचा बोगदा आला, तसे सगळे किंचाळले. तरसाला गाडी लागली. उलटी खोटीच होती, पण इतकी झकास की टाळ्या पडल्या.

पिल्लं धावत आली. "आम्हालापण घ्या ना!"

"बाजूला व्हा! मोठ्यांचं महत्त्वाचं काम चाललंय."

दुपार झाली. वाघाच्या बछड्यानं बापाची शेपटी ओढली. "बाबा, भूक लागली. घरी चला ना."

"थांब रे, घाट लागलाय!"

पिल्लं रडली. रडून रडून कंटाळली. भागूबाईंनी त्यांना पोटाशी घेतलं, केळी सोलून दिली. बछड्यानंही नाक मुरडत एक खाल्लं. मग सगळी आंब्याखाली हाताची घडी घालून, गप्प बसून राहिली.

संध्याकाळी बस तिथून गेली. पिल्लांना तसं बसलेलं पाहून शेवंताबाईचे डोळे भरून आले.

"बघा हो, एका दिवसात केवढी शिस्त लागली! बाई, उद्या आम्ही लवकर येतो!"

तात्पर्य: मुलांची खेळणी साधीच असावीत. मात्र ती मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावीत, म्हणजे आईबाबांच्या खेळात व्यत्यय येत नाही.