उभी राहिली तर खात नाही

"बैल देतो आन् गाडी घेतो," कुंडलिकनं ताटावर बसल्या बसल्या जाहीर केलं, आणि गोजरबाईच्या तव्यावरची भाकरी करपली.

"बैल दिल्यावर गाडी वडायची कुणी? तुमी?"

"बैलगाडी न्हवं गं. स्पोर्टकार. विलायती. दोन शिटांची, वरनं टप उघडा."

"व्हय? मग टपाचे पैसे तरी कमी केलं का?"

कुंडलिक सोलापूरजवळच्या बाळ्यातला जनावरांचा हेडी. बैल घ्यायचा, महिनाभर खाऊपिऊ घालून चकचकीत करायचा आणि विकायचा, हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. बाहत्तरच्या दुष्काळानं मात्र त्याला एक गोष्ट कायमची शिकवली होती. ज्या बैलांना हात लावून बघायला बाजारात माणसं जमायची, ते बैल त्या साली मातीमोल गेले. कारण एकच. बैल उभा राहिला तरी खातो. घरची हरण्या-पाखऱ्याची खिलार जोडी तेवढी वाचली, तीही गोजरबाईनं टँकरचं स्वतःच्या वाटणीचं पाणी त्यांच्या बादलीत ओतलं म्हणून.

तेव्हापासून कुंडलिकला एकच कुतूहल लागून राहिलं होतं. उभी राहिली तर खात नाही आणि जिचा भाव उतरत नाही, अशी काही वस्तू जगात असेल का? भेटेल त्याला तो विचारायचा. सराफानं सोनं सांगितलं, तलाठ्यानं जमीन सांगितली, म्हणजे ज्यानं त्यानं आपापलं दुकान सांगितलं. मोटारींचा दलाल सिद्राम म्हणाला, "आप्पा, जुनी स्पोर्टकार! मुंबईचे शौकीन हुडकत फिरत्यात. जितकी जुनी तितकी महाग. फकस्त निवडता आली पायजे."

सिद्रामनंही आपलंच दुकान सांगितलं होतं, पण 'निवडता आली पायजे' या शब्दांवर कुंडलिक विरघळला. जन्मभर त्यानं दुसरं केलंच काय होतं?

दुसरा कुणी असता तर सोबत मिस्त्री घेऊन गेला असता. कुंडलिक खांद्यावर टॉवेल टाकून गेला. पहिली गाडी एका कंत्राटदाराच्या अंगणात होती, काळी आणि लांबलचक. कुंडलिकनं तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, जाळीत बोट घालून दात बघावेत तसं बघितलं, चाकं खुरांसारखी तपासली. मग वाकून मागच्या बाजूला काहीतरी शोधू लागला.

"आप्पा, शेपटी नसती हिला," सिद्राम हळूच म्हणाला.

सगळं पसंत पडलं होतं. एवढ्यात कंत्राटदारीण पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. "न्या बाई एकदाची! अंगण तरी मोकळं होईल." कुंडलिकनं पोहे खाल्ले, वर पाणी प्याला आणि चपला घातल्या.

"ही न्हाय."

"आता का?"

"मालकीण खुशीत हाय. सिद्राम, जनावर घेताना दात बघावं, खूर बघावं, आन् शेवटाला घरच्या बाईचं डोळं बघावं. दावं सोडताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर आपलं डोळं झाकून घ्यावं. त्या जनावराचा भाव उतरत न्हाय."

दुसरी गाडी सात रस्त्याला, गिरणीतून निवृत्त झालेल्या शिवशरण इंजिनियरांच्या बंगल्यात. छोटीशी, लालभडक, नाक जमिनीला लावून बसलेली. चालू केली तशी तिचं सगळं अंग थरथरलं. "जित्ती हाय!" कुंडलिक पुटपुटला. इंजिनियरांना अक्कलकोट रस्त्याच्या जमिनीत शेती करायची होती. ती त्यांची पुस्तकांतून शिकून झाली होती, आता फक्त बैल हवे होते. कुंडलिकनं टॉवेल पसरला, त्याखाली इंजिनियरांचा हात धरला आणि तीन बोटं दाबली. इंजिनियर दचकून मागे सरले.

"अहो, हे काय?"

"सौदा."

"मग तोंडानं बोला की!"

"तोंडानं बोललं तर सगळ्या बाजाराला कळतंय, सायब."

"बाजार कुठाय इथं?"

कुंडलिकनं आजूबाजूला पाहिलं. सिद्राम होता आणि कुंपणावर एक कावळा.

"हे बघा, बैलजोडी द्या आणि गाडी न्या. वर काही नको," इंजिनियर मोठ्यानं म्हणाले. त्याच क्षणी दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, महादेवीनं, पदर डोळ्यांना लावला आणि ती हुंदका देत आत पळाली.

कुंडलिकची छाती फुगली. "बघितलंस का?" तो सिद्रामच्या कानाशी लागला. "हीच."

दोन दिवसांनी इंजिनियरांचा माणूस गाडी पोचवून बैल न्यायला बाळ्यात आला. गोजरबाईनं जोडीला कुंकू लावलं, पायांवर पाणी घातलं, दावं सोडलं. कुंडलिक त्या वेळी गाडीत बसून पोंगा कसा वाजतो ते बघत होता, त्यामुळे घरच्या बाईचे डोळे बघायचे राहून गेले.

गाडी गोठ्यात उभी राहिली. सिद्रामनं कुंडलिकला ती चालवायला शिकवली. त्यात गावातली तीन कुंपणं गेली, पण गाडीला ओरखडा आला नाही. बैलांच्या सणाला, बेंदराच्या दिवशी, गोजरबाईनं पुरणपोळीचा घास रिवाजाप्रमाणे गोठ्यात नेला, गाडीच्या नाकाला लावला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "खात न्हाय. खरं हाय तुमचं."

त्या साली पाऊस भरपूर झाला. ज्याला त्याला पेरायची घाई, आणि बैल तर दुष्काळात गेलेले. सांगोल्याच्या बाजारात खिलार जोडीचा भाव ऐकून कुंडलिकला घोटभर पाणी प्यावं लागलं. त्यातून तो सावरतोय तोच दिवाळीच्या मागोमाग पेट्रोलचा भाव असा उसळला, की मोटारवाले सायकली पुसायला लागले. गाडी उभी राहून काही खात नव्हती, हे अजूनही खरंच होतं. पण गिऱ्हाइकाला ती उभी करायची नव्हती, पळवायची होती. सिद्राम तर बाळ्याच्या रस्त्यानं यायचाच बंद झाला.

शेवटी कुंडलिकनंच त्याला गाठलं. "इक. जे येतील त्यात पदरचं घालून बैल आणू." सिद्राम मोठ्या खटपटीनं टेंभुर्णीच्या रावसाहेबांना घेऊन आला. रावसाहेब मूळचे हेडीच, आता चार ट्रकांचे मालक. त्यांनी गाडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. जाळीत बोट घातलं. खूर बघितले. टॉवेलाखाली हात दिला आणि एवढ्या भावाची बोटं दाबली, की कुंडलिकच्या डोळ्यांपुढे बैलांची शिंगं नाचायला लागली. मग रावसाहेबांची नजर सावकाश स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली.

कुंडलिक आत धावला. "गोजर, जरा रड!"

"का? कोण गेलं?"

"कोण न्हाय गेलं. गिऱ्हाईक बघतंय. दोन टिपं काढ. बैल आणायचं हायत का न्हाय?"

गोजरबाई उंबऱ्यात आली. तिनं गाडीकडे पाहिलं, गाडीमागच्या रिकाम्या दावणीकडे पाहिलं. दोन टिपं आली. मागून चार आली. मग ती मटकन उंबऱ्यात बसली आणि "माझ्या लेकरांनोऽ" म्हणून तिनं असा हंबरडा फोडला, की शेजारची कुत्री उठून उभी राहिली. कुंडलिक हातानं 'पुरं, पुरं' खुणावत होता. पाहतो कोण?

रावसाहेबांनी टॉवेलाखालचा हात काढून घेतला. "न्हाय, कुंडलिकराव. घरच्या लक्ष्मीचा एवढा तळतळाट घिऊन मी जनावर न्हेत नसतो."

"आवं, जनावर न्हाय, गाडी हाय!"

"मंग तर मुळीच न्हाय. लोखंडासाठी बाई एवढी रडती, तिला काय म्हणावं!" रावसाहेबांनी गोजरबाईला लांबूनच हात जोडले आणि ते निघून गेले.

"दोन टिपं म्हणलं हुतं मी!" कुंडलिक कडाडला.

"मापात द्यायला हे काय रेशनचं दुकान हाय?" गोजरबाईनं नाक पुसलं. "आन् गाडीसाठी कोण रडतंय? जोडी गेली त्या दिशी बी असंच झालं हुतं. तुमी पोंगा वाजवीत हुता."

कुंडलिक गाडीच्या मडगार्डावर टेकला. म्हणाला, "उद्या सात रस्त्याला जाऊ. अदलाबदल उलटी करू."

बंगल्याच्या पोर्चमध्ये, जिथं पूर्वी गाडी असायची, तिथं हरण्या-पाखऱ्या बांधलेले होते. कुंडलिक आणि गोजरबाई गाडीतून उतरले; सिद्राम मध्यस्थ म्हणून आधीच येऊन थांबला होता. इंजिनियरांना तर सुटल्यासारखं झालं. "न्या हो! माझं एक ऐकत नाहीत. मी शेताकडे वळवतो, ते घराकडे वळतात. पुस्तकात याच्यावर काही दिलेलं नाही."

"वैनी, तुमची गाडी आणलीया परत," कुंडलिक महादेवीला खुशीत म्हणाला. "त्या दिशी किती रडला हुता!"

"गाडीसाठी? अय्यो!" महादेवीनं कपाळावर हात मारला. "दर रविवारी ती बंद पडायची आणि भर बाजारातनं मी ढकलत आणायची. बैल येणार म्हणून रडले की हो! जन्मात कधी शेण काढलं नव्हतं मी."

सिद्रामनं आकाशाकडे पाहिलं. कुंडलिक बैलांकडे वळला.

"मंग आता सुटला म्हणा. सोडतो दावं."

"सोडा की," महादेवी म्हणाली. पण तिचा हात हरण्याच्या मानेवर होता, तो काही निघेना. हरण्यानं तिचा खांदा चाटला, आणि पदर गेला डोळ्यांना. पलीकडे पाखऱ्यानं गोजरबाईच्या छातीत डोकं घुसवलं होतं, आणि तिचाही पदर डोळ्यांनाच. एकाच जोडीवर दोन घरच्या बाया रडताना वीस वर्षांत कुंडलिकनं पाहिल्या नव्हत्या. घ्यावी तर हिचा तळतळाट, ठेवावी तर तिचा.

"मग काय ठरलं?" इंजिनियरांनी विचारलं.

कुंडलिकनं सवयीनं खांद्यावरचा टॉवेल काढला. कुणाची बोटं धरावीत ते त्याला सुचेना, तेव्हा त्यानं आपलंच तोंड पुसलं.

सौदा बायकांनीच केला, तोंडानं आणि सगळ्यांच्या देखत. "माझ्या हातचं नीट खात नाहीत हो, वाळलेत बघा," महादेवी म्हणाली. "तुम्ही येत जा की."

"येते."

"रोज?"

"रोज."

दुसऱ्या दिवसापासून बाळ्याच्या लोकांना सकाळी एक नवीन दृश्य दिसू लागलं. उघड्या टपाची लाल गाडी, कुंडलिकच्या हाती चाक, आणि शेजारच्या शिटेवर मांडीवर कडब्याची पेंढी उभी धरून बसलेली गोजरबाई. बैल दुसऱ्याचे, कडबा आपला, पेट्रोल सरकारी भावानं.

एक दिवस पंपावर सिद्राम पळत आला. "आप्पा, मुंबईचं गिऱ्हाईक उतरलंय लॉजवर! हीच गाडी पायजे म्हणतंय. तुमी म्हणाल तो भाव."

कुंडलिकचा हात टॉवेलाकडे गेला.

"न्हाय इकायची," गोजरबाई पेंढीआडून म्हणाली. "चला, लेकरं खोळंबली असतील."

कुंडलिकनं वाकून, कडबा बाजूला सारून, तिचे डोळे नीट पाहिले. कोरडे ठणठणीत होते; दावं सुटायचंच नव्हतं, मग पाणी येणार कुठून? त्यानं मुकाट्यानं गियर टाकला.